जाजमावरचा डाव

जाजम छापणाऱ्या हातांना त्याच जाजमावर बसण्याचा हक्क असतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत टिपणाला देता आलेले नाही. उज्जैनच्या छपाईविषयी जे लिहिले जाते त्यात रंग असतात, ठसे असतात. बसणारे कोण आणि उभे राहणारे कोण, हे नसते. जैतूनबीने मात्र आपल्यापुरता त्याचा निकाल लावून टाकला होता.

जैतूनबी उज्जैनलगतच्या भैरवगढातल्या, कापड छापणाऱ्या छिप्यांच्या घरातली. तिथल्या रीतीने ठसा पुरुषाच्या हातात. कापड भिजवणे, उकळणे, क्षिप्रेत धुणे बायकांकडे. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा अर्धे छापलेले कापड वाया जाऊ नये म्हणून तिने ठसा उचलला, तो परत खाली ठेवलाच नाही. नवऱ्यामागे दीर ठशांची पेटी मागायला आला.

"औरत के हाथ में ठप्पा अच्छा नी लगता, भाभी."

"तो मत देखो," ती म्हणाली आणि पेटीवर बसून राहिली. दीर उन्हे कलेपर्यंत उभा होता. मग गेला.

१९५२च्या सुमारास माधव नगरात, मराठी मंडळाच्या सभागृहाच्या मागच्या पडवीत, अहल्याबाईंनी बायकांसाठी छपाईचा वर्ग काढला आणि शिकवायला जैतूनबीला बोलावले. अहल्याबाई लहान वयात विधवा झालेल्या. सभागृहाचे कारभारी भय्यासाहेब हे त्यांचे धाकटे दीर. वर्गात भैरवगढच्या मुसलमान बायका येत, सिंधमधून उखडून आलेली ईश्वरी आणि तिच्या वस्तीतल्या बायका येत, चार मराठी घरांतल्याही येत. भाषेच्या तिन्हीकडच्या तीन तऱ्हा. पण ठशावर मूठ मारल्याचा आवाज सगळ्यांचा एकच येई.

१९५६ साली मध्यभारत हे राज्य विसर्जित होऊन नव्या मध्यप्रदेशात मिसळणार हे ठरले. कचेऱ्या भोपाळकडे निघाल्या. भय्यासाहेबांचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात होते. पायाखालची जमीन सरकते आहे हे त्यांना इतरांआधी कळले असावे. म्हणून नव्या राज्याच्या दिवशी सभागृहात मोठा समारंभ करायचा त्यांनी घाट घातला आणि वर्गाला जाजम छापायला सांगितले.

"मधली जागा कोरी ठेवा. तिथे पाहुण्यांची गादी येईल. आणि जाजम झालं की वर्ग बंद. पडवीची किल्ली माझ्याकडे द्या."

"बंद का?" अहल्याबाईंनी विचारले.

"पडवीत लोखंड नि गूळ सडवून काळा रंग करून राहिल्या तुम्ही. पूर्ण हॉलला वास. आणि कोण कुठल्या बायका येऊन राहिल्या, वहिनी!"

"कोण कुठल्या? नावं विचारा, एकेकीचं सांगते."

जैतूनबी हात धूत होती. तिने एवढेच विचारले, "भय्यासाहेब, जलसे में औरतें कहाँ बैठेंगी?"

"बायका? पडद्यामागे उभ्या राहतील की."

"अच्छा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने जाजमासाठी जोडायच्या कापडी पाटांवर किनारी छापून घेतल्या आणि मधल्या पाटावर, जिथे कोरे सोडायचे होते तिथे, चारी दिशांना हात पसरलेला सोंगट्यांचा पट उठवायला घेतला. ईश्वरी घाबरली.

"अम्मा, साहेब ने तो कोरा बोला था."

"चौपड़ के बगैर जाजम नी होता, बेटी. चादर होती है. चल, रंग दे."

समारंभ ऐन दिवाळीत आला. पाहुणे यायच्या आधी वर्गातल्या बायकांनी जाजम अंथरले आणि पटाभोवती बसल्या. अहल्याबाईंनी पदरातून कवड्या काढल्या, सोंगट्या मांडल्या. पहिले दान जैतूनबीचे पडले. भय्यासाहेब पाहुण्यांना घेऊन दारात आले, तेव्हा ईश्वरीची सोंगटी नुकतीच मेली होती आणि सगळ्या हसत होत्या.

"हे काय चाललंय? उठा, उठा!"

"दिवाळीचा डाव अर्ध्यावर मोडू नये, भावजी," अहल्याबाई म्हणाल्या. "तुमच्याच घरचा नेम. सासूबाईंनी शिकवलाय."

"वहिनी, लोक बघून राहिले."

"बघू देत. आजवर आम्हीच पडद्यातून बघत होतो."

भय्यासाहेबांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला पाहिजे तरी काय?"

उत्तर जैतूनबीने दिले, आणि आवाज खाली आणला नाही. "वर्ग चलेगा, किल्ली बाई के पास रहेगी. इतना इन सब के सामने बोल दो."

दारात खोळंबलेल्या पाहुण्यांपैकी कुणी तरी खाकरले. कुणी तरी चपला काढल्या, पुन्हा घातल्या. नोकर गादी काखेत मारून उभा होता. ती कुठे टाकायची हे त्याला कुणी सांगत नव्हते.

"चालेल वर्ग," भय्यासाहेब अखेर मोठ्याने म्हणाले. "किल्ली वहिनींकडे राहील. आता उठा."

जैतूनबीने कवड्या मुठीत खुळखुळवल्या. "उठने की बात किसने की थी? सरक जाते हैं. आओ, बैठो सब."

आणि बायका खरोखरच उठल्या नाहीत. एका बाजूला सरकल्या. पाहुणे काठाकाठाने बसले. गादी भिंतीशी गुंडाळून राहिली. भय्यासाहेबांनी नव्या राज्याचे भाषण उभ्यानेच केले, आणि ते चालू असताना ईश्वरीने, कुणाला न विचारता, आपली मेलेली सोंगटी पुन्हा पटावर आणली.

१९६४ साली त्या सभागृहाला दुसरे जाजम लागले. तेही मागच्या पडवीतच छापले गेले.