शिसं, साजूक तूप आणि कर्णिक काका

चार मराठी माणसं एकत्र आली की मंडळ निघतं, आणि मंडळ निघालं की किस्से आपोआप जमा होतात. आमचं तर मंडळसुद्धा नाही. एका इंग्लिश रायफल क्लबात आम्ही तिघं मराठी. स्लाऊहून जाणारा मी, आयटीवाला. साउथहॅम्प्टनची अनघा, डोळ्यांची डॉक्टर. आणि स्टॅनमोरचे कर्णिक काका, रिटायर्ड इंजिनियर. तिघांचा शौक एकच. ठासणीच्या जुन्या रायफली! म्हणजे नळीत तोंडाकडून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी सरकवायची, गजाने ठासायची, आणि बार काढल्यावर धुरात खोकत बसायचं. आमच्यावर लक्ष ठेवायला डेरेक नावाचा म्हातारा इंग्रज आहे. रेंजची सगळी देखभाल तोच करतो. दर वसंतात टार्गेटांवरच्या नंबरांच्या पाट्याही स्वतः रंगवतो.

यातले निम्म्याहून जास्त किस्से काकांचे. काकांकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक देखणी एन्फिल्ड आहे. रोज तेल देतात, माणसासारखं तिच्याशी बोलतात. तिने एकदा तरी पाच गोळ्या जवळजवळ माराव्यात आणि ते कार्ड फ्रेम करून हॉलमध्ये लावावं, एवढीच त्यांची इच्छा. गेल्या वर्षी तर जाहीरच करून टाकलं, "या सीझनला जमलं नाही तर रायफल विकणार!" आणि लगेच तिलाच तेल देत बसले, म्हणून कोणी हसलं नाही.

*

सुरुवातीपासून सांगतो. जुनी रायफल इथे शोभेला भिंतीवर टांगा, कोणी विचारत नाही. पण ती उडवायची म्हटलं की सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी पोलिसांकडून एक ऑफिसर काकांच्या घरी आला. रायफल ठेवायचं कपाट पाहिलं, कुलूप पाहिलं, काकूंनी केलेले पोहे दोनदा घेतले. मग अगदी अदबीने काकूंना विचारलं, "घरात रायफल येतेय, तुम्हाला काही काळजी वाटते का?"

काकू म्हणाल्या, "मुळीच नाही! यांनी फेकलेला कागद अजून कधी डस्टबिनमध्ये पडलेला नाही."

ऑफिसरने मान खाली घालून तिसऱ्यांदा पोहे घेतले. सर्टिफिकेट आलं.

*

आता कायदा असा की कपाटाची किल्ली कुठे आहे हे मालकाशिवाय कोणालाही माहीत असता कामा नये. बायकोलाही नाही. आणि काकांना तर लग्न झाल्यापासून घरातली एकही वस्तू काकूंना विचारल्याशिवाय सापडलेली नाही!

एका शनिवारी मी त्यांना घ्यायला गेलो, तर काका हॉलच्या मधोमध उभे. किल्ली कुठे लपवली तेच विसरलेले. सवयीने "अगं, माझी..." म्हणाले आणि तोंड मिटून घेतलं. विचारणार कोणाला? कायदा आडवा आलेला!

काकू सोफ्यावर मटार सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला बाई काही माहीत नाही. पण त्या पेटीवर धूळ फार साचलीय. जरा उघडून आतूनही पुसून घ्या."

काकांनी हार्मोनियमचं झाकण उघडलं. पुढची दोन मिनिटं खोलीत कोणीच कोणाकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी काकांनी जागा बदलली. तेव्हापासून काकूंनी हॉल झाडायचंच सोडलंय. कायद्याचा मान राखायला म्हणे.

*

या रायफलींना गोळ्या दुकानात तयार मिळत नाहीत असं नाही, पण खरा शौकीन स्वतः शिसं वितळवून साच्यात ओततो. शिसं मात्र मऊ हवं. गोळी बुडाशी पोकळ असते. दारू पेटली की बूड फुलतं, नळीतल्या खाचा पकडतं आणि गोळी गिरकी घेत सरळ जाते. शिसं कडक असलं की बूड फुलत नाही, आणि मग गोळी वाटेल तशी कोलांट्या खात जाते.

डेरेकने हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. काकांनी ऐकलंही. मग गॅरेजवाल्याकडे गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावायची कडक शिशाची जुनी वजनं फुकट मिळाली. काकांना फुकट म्हटल्यावर कडक काय आणि मऊ काय! त्या गोळ्या टार्गेटवर आडव्या जाऊन आदळल्या. कार्डावर गोल भोकाऐवजी अख्ख्या गोळीचा आकार उमटला.

काका कार्ड उंच धरून म्हणाले, "बघ! नुसती लागली नाही, फोटोसुद्धा काढून आली!"

पुढच्या वेळी त्यांनी कौलं बसवणाऱ्याकडून छपराचं मऊ शिसं आणलं. इथे चर्चच्या छपरांवरचं शिसं अधूनमधून चोरीला जातं. डेरेकने तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "चर्चच्या व्हिकरला माहीत आहे ना?"

*

मऊ गोळीला वंगण लावावं लागतं. जुनी मंडळी मेणात गाईची किंवा डुकराची चरबी मिसळायची. काका शुद्ध शाकाहारी. शिवाय ते म्हणाले, "काडतुसाच्या चरबीवरून आपल्याकडे एकदा केवढं झालंय! मी पुन्हा नाही सुरू करणार." त्यांनी मेणात साजूक तूप घातलं.

पहिला बार निघाला आणि रेंजवर बेसन भाजल्याचा वास सुटला. शेजारच्या लेनवरच्या बाईंनी रायफल खाली ठेवून विचारलं, "कोणी केक आणलाय का?"

घरी काकूंचा वेगळाच दारूगोळा. "लाडवाला चमचाभर तूप वाढवलं तर कोलेस्टेरॉल! आणि बंदुकीला अख्खी बरणी?"

*

तरी कार्ड काही जमेना. काका दर शनिवारी गोळीची जाडी बदलायचे, दारू बदलायचे, तुपाचं प्रमाण बदलायचे. सगळं एकदम. शेवटी माझ्यातला आयटीवाला जागा झाला. "अहो काका, एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर बिघाड कशात आहे ते कळणार कसं?"

काका म्हणाले, "अरे, माझं वय बघ. एकेक करत बसायला वेळ कुठाय?"

बिघाड कशात आहे हे खरं तर आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याच सकाळी काकांनी खुंटीवर टांगलेल्या डेरेकच्या कोटाला गुड मॉर्निंग केलं होतं, आणि कोट उत्तर देत नाही म्हणून रागावलेही होते! पण डोळे दाखवले तर सर्टिफिकेट जाईल, रायफल जाईल, ही धास्ती. म्हणून दोष गोळीला. चहाच्या वेळी ते अनघापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसायचे. मला त्यांचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

*

सीझनचा शेवटचा शनिवार आला. काका आणि अनघा शेजारीशेजारी. पाच पाच गोळ्या. धुरात कोणाला काही दिसलं नाही. बार थांबले, लाल झेंडा लागला, आम्ही चालत कार्डं बघायला गेलो.

काकांचं कार्ड कोरं. एकही भोक नाही!

काकांनी कार्डावरून बोट फिरवलं. मग डेरेककडे वळून म्हणाले, "रायफलीला गिऱ्हाईक बघ."

तेवढ्यात अनघा ओरडली, "काका, इकडे या!"

तिच्या कार्डावर दहा भोकं होती. तिची रायफल बारीक नळीची, त्यामुळे बारकी पाच तिची, इकडेतिकडे पसरलेली. आणि मधोमध, चहाच्या बशीखाली झाकली जातील अशी, अंगठ्याएवढी पाच भोकं. एवढी मोठी भोकं पाडणारी रायफल त्या दिवशी एकच होती.

नियमाने गुण शून्य. पण डेरेकने टोपी काढली!

अनघा म्हणाली, "काका, गोळी तर सापडली. आता माझ्याकडे कधी येताय?"

काकांनी ती पाच भोकं बघितली, नाक कार्डाला लागेल इतक्या जवळून. "सर्टिफिकेट?"

"मोतीबिंदू आहे हो. काढला की झालं. पण काढेपर्यंत रायफल डेरेकच्या कपाटात!"

ते कार्ड स्टॅनमोरच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. वर नाव अनघाचं. पाहुण्यांनी विचारलं की काकू सांगतात, "गोळ्या यांच्या. घर शेजारणीचं!"

*

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टरांचा कागद आला, आणि या वसंतात काका पुन्हा रेंजवर आले. डेरेकने रायफल त्यांच्या हातात दिली. काकांनी दारू ओतली, तुपातली गोळी ठासली, आडवे झाले, नेम धरला.

आम्ही कानांवर मफ लावून थांबलो. बार काही निघेना.

काकांनी रायफल अलगद खाली ठेवली, मान वर करून समोर नीट बघितलं, मग डेरेककडे वळून विचारलं,

"डेरेक, हे टार्गेटांच्या वर आकडे कधीपासून लिहायला लागलास?"