रिकाम्या चौकोनाची वाटणी

आता काय सांगू तुम्हाले, अन् काऊन सांगू? चहाले बोलावता अन् कप हातात पडत नाही तं सुरू, "आबा, तो तुरीचा किस्सा होऊ द्या." मी काय तमाशाले आलो? पण साऱ्यांनी उलटासुलटा ऐकला, म्हणून एकदाच सांगतो. मधात हसाचं नाही.

जानेफळात माझं गोदाम होतं. जन्म गेला पोत्यांच्या थप्प्या लावण्यात. शाळा चौथीत सुटली, पण जागा कशी वापराची हे मले कोणी शिकवू नये, असा माझा तोरा.

माझी सून मनीषा कॉम्प्युटर शिकलेली. उंद्रीच्या खाजगी धान्य बाजारात तिले नोकरी लागली. तिथं लिलाव, वजन सारं कॉम्प्युटरच्या मशीनवर. अध्यक्षानं आल्या आल्या बजावलं, "तुरीच्या पहिल्या लिलावात मशीन बंद पडलं तं दुसरीकडं पाहा." नोकरी गेली असती तं ती अन् माझा पोरगा पुण्याले. मंग नात बी गेली. समजलं ना कुठं दुखत होतं?

एक दिवस पाहतो तं सूनबाई कागदावर चौकोन पाडून राह्यली.

"हे काय व्हय?"

"मामाजी, मशीन एकच घेतलं. त्याच्या पोटात तीन मशिनी करायच्या. लिलावाची, वजनकाट्याची, कॅमेऱ्याची. कोणाले किती जागा द्यायची ते मांडून राह्यली."

"पोटातल्या दिसतात का?"

"दिसत नाहीत. पण जागा खातात."

बरं. एका गोदामात तीन भाडेकरू, एवढं मले समजते. पण लिलावाच्या चौकोनात तिनं अजून एक खोली पाडली होती, नुसत्या नोंदींसाठी. मशीन जे जे करते ते लिहून ठेवते म्हणे. अन् खाली हा एवढा मोठा चौकोन, कोरा.

"हा कोणाचा?"

"कोणाचाच नाही. ज्याले कमी पडंल त्याले देऊ."

माझं टाळकं सरकलं. विकत घेतलेली जागा रिकामी? सरळ अध्यक्षाकडं गेलो. म्हणलं, नोंदींले खोली कायले पाहिजे, राहतीन लिलावातच कोपऱ्यात. रिकामी जागा सारी कॅमेऱ्याले द्या, चोर तरी सापडतीन. त्याले पटलं. हुकूम सुटला. घरी सूनबाईच्या हातच्या चहात साखर तेवढी कमी झाली.

तुरीचा दिवस उगवला. ट्रॅक्टरची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. बोली ऐन रंगात आली अन् मशीन बंद. लोक बोंबलाले लागले. अध्यक्ष मनीषाकडं डोळे वटारून पाहे. मी गर्दी सारत तिच्यापाशी गेलो.

"काऊन बंद पडलं, पोरी?"

"जागा संपली, मामाजी. नोंदींनी लिलावाची सारी खोली भरली."

"अन् बाकी जागा?"

"शेजारी कॅमेऱ्याच्या खोलीत रिकामी पडली हाय. पण मधात भिंत हाय."

मंग माझं डोकं जे फिरलं. सुनेवर आळ येऊन राह्यला अन् मी गप बसू? ट्रॉलीवर चढलो, शेला सोडून हवेत फिरवला अन् वरडलो, "कोण्या गाढवानं ही जागा वाटली? आणा बे त्याले माह्यासमोर, जोड्यानं हाणतो!"

अध्यक्ष मले खालून वर पाहून राह्यला.

तवा कुठं मले याद आली.

मी गुमान उतरलो. सूनबाई कानात म्हणे, "कोणाले सांगू नका, थोडी जागा मी लपवून ठेवली होती." तिनं ती नोंदींले दिली, मशीन चाललं, तुरी विकल्या, नोकरी वाचली.

"लपवाची अक्कल कुठून आली तुले?"

"तुमच्याच गोदामातून. पोते काढाले मधात गल्ली मोकळी ठेवत होते ना तुम्ही?"

हाव, ठेवत होतो.

एवढ्यावर मिटलं असतं. पण कॅमेऱ्यानं मले टिपलं, आवाजासकट. जागा कमी असती तं चार दिसात आपोआप पुसल्या गेलं असतं. पण त्याच्यापाशी जागा मस्त होती. म्याच भांडून देली होती. आता जो ते मोबाईलवर घालून लग्नाकार्यात दाखवत फिरते, अन् "पाहा गाढव गाढवाले बलावते" म्हणते, त्यानं अजून माफी मागितली नाही. नाव पाहिजे? गजानन. माझा सख्खा पोरगा, मनीषाचा नवरा गजानन.