पणजीच्या लायटीवर

शेवंती आमची डिचोलीतली शेजारीण. बी.एस्सी. झाली, लग्न केलं नाही आणि भावाच्या घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला. गोव्याच्या राजभाषेच्या वादात मराठीवाल्यांची निवेदनं तिनेच टाइप केली आणि कोकणीवाल्यांचीही. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे पाठ करून एकाच बाकावर बसायचे. कोणी विचारलंच, "तू खंयच्या बाजूची गो?" तर म्हणायची, "मशीनच्या."

पुढे टाइपरायटर विकून तिने पणजीहून कॉम्प्युटर आणला. तो निघाला खोडकर. पत्रिका छापायला घ्यावी आणि स्क्रीन काळा, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिचा थोरला भाऊ बाबाजी हे बघतच होता. त्या खोलीवर ट्रकच्या स्पेअरपार्टवाल्याचा डोळा होता.

"शेवंते, चवथीपर्यंत बघतंय. नायतर खोली त्याका," त्याने बजावलं. गणपती महिन्यावर आले होते.

आमच्याकडे मिक्सर जळला तरी दोष लाईटचा. खाणीवरची यंत्रं सुरू झाली की दिवे मंदावायचे, त्यामुळे ती सवयच लागली होती. पणजीच्या दुकानातून आलेला मेकॅनिक अविनाशही तेच म्हणाला. कॉम्प्युटरच्या पोटात भिंतीतली वीज कमी करून आतल्या भागांना पुरवणारा डबा असतो, एसएमपीएस. त्याच्या वायरींना त्याने मीटरच्या पिना लावल्या. पिवळीवर बारा व्होल्ट, लालवर पाच, हवे तितकेच.

"डबो बरो आसा बाय. तुमची लाईट वायट. स्टॅबिलायझर घेया."

"काम करताना मोज रे. बसल्याबसल्या कोणीय बरो दिसता."

तो हसला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

शेवंतीने रेडिओच्या दुकानातून मीटर आणला. सीडी घातली, छपाई लावली आणि पिवळ्या वायरीवर नजर ठेवली. आकडा घसरत अकराच्या खाली गेला आणि स्क्रीन काळा. पुन्हा छपाई लावून पिना भिंतीतल्या प्लगात घातल्या, तर तिथला आकडा जागचा हलला नाही; म्हणजे दोष डब्याचाच. तिने पणजीच्या दुकानात फोन लावला. मालक यशवंतचं उत्तर तयार होतं, "गांवच्या लायटीक आमी कितें करतले?"

दुसऱ्या दिवशी शेवंतीने सीपीयू चादरीत बांधला आणि पणजीची बस धरली. सोबत मी. कंडक्टरने विचारलं, "मांडयेर टीव्ही काय गो?"

"न्हंय, आरोपी. कोर्टात नेतंय."

दुकानात गिऱ्हाइकं होती. तिने सीपीयू थेट काउंटरवर ठेवला. "माझी लाईट वायट ना? म्हणून मशीन तुझ्या लायटीर घेऊन इलंय. लाव."

"बाय, मागीर बघूया. गर्दी आसा."

"गर्दी आसा म्हणूनच आता."

यशवंतला लावावंच लागलं. शेवंतीने पिवळीवर आपला मीटर धरला. रिकामा चालताना आकडा बारा. त्याचा चेहरा खुलला. शेवंतीने सीडी सरकवली, दुकानातला प्रिंटर जोडून छपाई लावली. साडेअकरा. अकरा. दहाच्या घरात येताच स्क्रीन काळा. एक गिऱ्हाईक फिसकन हसलं.

"आता पणजीची लाईटय वायट काय रे?" शेवंतीने यशवंतला विचारलं.

यशवंतने गुपचूप अविनाशला नवा डबा काढायला सांगितला. बसवून झाल्यावर अविनाश चादर बांधायला लागला. शेवंतीने चादर ओढून घेतली. "हो डबोय कामार लावून मोज." त्याचाही आकडा घसरला. मग मात्र ती स्टुलावर बसली आणि जेवणाचा डबा उघडून मलाही अर्धी पोळी दिली. तिसऱ्या डब्याचा आकडा बारावर आला आणि सीडी फिरली, कागद निघाले, तरी तिथेच राहिला. तेव्हा ती उठली.

घरी आलो तर क्लासच्या बाकांवर स्पेअरपार्टची खोकी रचलेली. बाबाजी दारात उभा.

"चालता?"

शेवंती सरळ आत शिरली. खोकी बाजूला सारून सीपीयू जोडला, सीडी घातली, छपाई लावली. मीटर त्याच्यापुढे धरला. "दादा, आकडो बघ."

बाबाजीने चष्मा लावला. प्रिंटर किरकिरत होता, कागदामागून कागद बाहेर येत होते, आणि आकडा हलायला तयार नव्हता.

"बाराच," तो पुटपुटला.

"स्पेअरपार्टवाल्याक सांग, चवथ अजून येवची आसा."

पहिलं खोकं तिने उचलून ओट्यावर आपटलं. दुसरं बाबाजीने नेलं.