सिद्धवटाच्या घाटावर

"अविवाहित बहिणीचं कसलं आलंय श्राद्ध?" असं दादा म्हणाला, त्याच आठवड्यात मी उज्जैनचं तिकीट काढलं. आई गेल्यावर ताईनं आम्हा दोघांना वाढवलं, शिकवलं. तिच्या नावानं कुणी पिंड देणार नसेल तर मी देईन, एवढंच ठरवून निघाले. देवावर तर माझा दादावर होता त्याहूनही जास्त राग होता. अशा बाईला त्यानं आजारात इतकं छळायला नको होतं.

सकाळी उज्जैनला उतरले. स्टेशनजवळच्या फ्रीगंजात पोह्यांच्या गाड्यांवर गर्दी होती. वाफाळत्या पोह्यांवर शेव भुरभुरली जात होती. पण विधी व्हायचा असल्यानं उपाशीच रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं मला भलत्याच घाटावर उतरवलं. तिथून दुसरी रिक्षा करून भैरवगढला पोहोचले. वाटेत दोऱ्यांवर छापील चादरी वाळत होत्या. पुढे क्षिप्रेकाठी सिद्धवट, ज्याच्याजवळ पिंडदान करतात तो जुना वड. लोक त्याच्या बुंध्याशी दूध घालत होते.

घाटावरच्या पहिल्या गुरुजींनी विचारलं, "साथ में कोई पुरुष है?"

"नाही. मीच करणार."

"ऐसा नहीं होता." त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या गुरुजींनी तडजोडीचा मार्ग सुचवला: कुणाही पुरुषाच्या हातून करून घ्या. मी म्हटलं, ज्याला तिचं नावही ठाऊक नाही, त्याच्या हातून नको. आणि पायरीवरच बसून राहिले. रडू येत होतं, पण तिथे रडायचं नाही असं बजावलं स्वतःला.

शेजारी एक जोडपं आईच्या वर्षश्राद्धाला बसत होतं. बाईंनी सगळं ऐकलं असावं. उठून आल्या. "मराठी ना तुम्ही? मी शुभदा. आम्ही माधव नगरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. काय प्रॉब्लेम झाला?"

मी सांगितलं. त्यांचे यजमान अरविंदराव म्हणाले, "तुमची ताई माझी बहीण होती असं सांगतो मी गुरुजींना. त्यांचं मीच करून टाकतो."

"आभारी आहे," मी म्हटलं, "पण खोटं नाही सांगायचं. आणि हात माझेच असतील."

मला वाटलं, संपलं. शुभदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि आपल्या गुरुजींकडे वळल्या. "पंडितजी, पहले इनका. मंत्र आप बोलिए, पिंड ये रखेंगी."

"बहनजी, आपका मुहूर्त निकल जाएगा."

"निकल जाने दीजिए," अरविंदराव म्हणाले. "इनका नहीं होगा तो हमारा भी नहीं होगा." आणि आईच्या श्राद्धासाठी मांडलेल्या पाटावरून ते उठले.

पंडितजींनी रिकाम्या पाटाकडे पाहिलं. मग त्यांनी मला हातानं खूण केली. "बैठिए. बहन का नाम बताइए."

मी ताईचं नाव घेतलं. मग पिंड माझ्याच हातानं ठेवला. शुभदाताई मागे उभ्या राहून पदरानं माझ्यावरचं ऊन अडवत होत्या.

त्यांच्या आईचं श्राद्ध उरकल्यावर दुपारी त्यांनी मला घरी नेलं. पानात खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि शेव.

"श्राद्धाला शेव चालते?" मी विचारलं.

"उज्जैनात शेवेशिवाय पानच लागत नाही," शुभदाताई म्हणाल्या. "आमच्या आईंनाही लागायची. घ्या ना अजून." दिवसभरात प्रथमच मी हसले.

परतीच्या गाडीत दादाचा फोन आला. "कुणी करू दिलं तुला?"

"ज्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या आईचं श्राद्ध थांबवलं, त्या माणसांनी," मी म्हटलं.

देवाची कृपा नमणाऱ्यालाच मिळते असं लहानपणापासून ऐकत आले. मी नमले नव्हते. तिथे बसले तेव्हाही त्याच्याशी भांडतच होते, आणि ताईच्या दुखण्याचा जाब मी अजून मागणार आहे. पण त्या घाटावर त्या दोघांच्या रूपानं माझ्या बाजूनं कोण उभं राहिलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार. पाटावर मीच बसणार.