कालाबारमध्ये पाहण्यासारखं बरंच आहे

कुवेतमधल्या मीना अल-अहमदी बंदराच्या रिफायनरीतलं माझ्या नवऱ्याचं काम सुटलं, तेव्हा मुलगी दहावीत होती. कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि जुन्या माणसांना घरी बसवलं. पन्नाशी उलटलेल्या इंजिनिअरला इथे पुन्हा कोण घेणार? शेवटी एका ओळखीतून नायजेरियातलं काम आलं. कालाबार नावाचं नदीवरचं बंदर, तिथे जेटीची दुरुस्ती. तो गेला. मी कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, म्हणून मी आणि मुलगी इथेच राहिलो. तिचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच्या नावावरून माझ्या नावावर करून घेताना किती खेपा घातल्या, ते आठवलं तरी दमायला होतं.

सुरुवातीला तो फोनवर कामाबद्दल बोलायचा. हळूहळू गावाबद्दल बोलायला लागला. टेकडीवर एक जुनं लाकडी घर आहे, इंग्रजांनी सुटे भाग जहाजातून आणून उभं केलेलं. आता तिथे म्युझियम आहे. खाली नदीकाठी गुलामांच्या इतिहासाचं दुसरं म्युझियम. एका ठिकाणी जंगलातली काळ्या तोंडाची माकडं सांभाळतात. बाजारात पालेभाजीत सुकी मासळी घालून केलेलं कालवण मिळतं, अगदी आपल्यासारखं. "डिसेंबरात या दोघी," तो म्हणायचा. "पाहण्यासारखं बरंच आहे. मी सगळं दाखवतो."

मुलीला शाळेत एका बंदरावर प्रेझेंटेशन करायचं होतं. तिने कालाबार निवडलं. तो उत्साहाने फोटो पाठवायला लागला. माकडांचे, होड्यांचे, त्या लाकडी घराच्या जिन्याचे. मी ऑफिसात असताना मोबाइल टिंगटिंग वाजत राहायचा. मला बरं वाटायचं. वाटायचं, माणूस रमला.

एका बुधवारी, माझी जेवणाची सुट्टी चालू असताना, तो म्युझियमच्या पायरीवर बसून व्हिडिओ कॉलवर आला. मुलगी बरी नव्हती म्हणून घरी होती, तीही कॉलवर होती. तिने फोटोंचं काहीतरी विचारलं आणि मग सहज म्हणाली, "बाबा, हाऊ कम यू आर नेव्हर अ‍ॅट वर्क?"

तो हसला. "आज साइट बंद आहे गं."

"लास्ट वीक पण बंद होती. ऑन मंडे तू माकडांकडे होतास."

त्याने नेटवर्क नसल्याचं सांगून फोन ठेवला. माझा घास तसाच राहिला. मी जिन्यात जाऊन त्याला पुन्हा फोन लावला. बऱ्याच वेळाने त्याने उचलला.

"काम आहे का तुला?" मी विचारलं.

"होतं," तो म्हणाला. "थांबलंय."

"कधीपासून?"

तो म्हणाला, "तुम्ही गणपतीच्या आरतीला गेला होतात ना त्या हॉलमध्ये, त्याच्या आधीपासून."

म्हणजे काही महिने. कंपनीने आज सुरू होईल, उद्या होईल असं करत, पगार चालू ठेवून, त्याला खोलीवर बसवून ठेवलं होतं. खोलीत बसवेना म्हणून तो सकाळी शर्ट इस्त्री करून बाहेर पडायचा. गावात एकटा फिरायचा. म्युझियमचे रखवालदार त्याला ओळखायला लागले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू परत ये म्हणाली असतीस. कुठे परत येऊ? कुवेतचा अकामा गेला. तुझ्या अकाम्यावर मला ठेवता येत नाही. नाशिकला जाऊन आईला काय सांगू?"

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. जिन्यातून ये-जा करणारी माणसं बघत होती, म्हणून मी दोन्ही गिळलं. "नाशिकला जा," म्हटलं. "आईला काय सांगायचं ते मी बघते."

तो गेला. सासूबाईंना मीच फोन करून काम संपल्याचं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वाळला असेल."

मुलीला सांगणं त्याहून अवघड गेलं. तिचं प्रेझेंटेशन झालं होतं, बाईंनी वर्गात कौतुक केलं होतं. ऐकून ती म्हणाली, "सो ही वॉज जस्ट वॉकिंग अराउंड? ऑल अलोन?" आणि दार लावून घेतलं. तिला बाबाचा राग आला की कीव, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीट कळत नाही.

आता तो नाशिकलाच, अंबडच्या एका कारखान्यात सेफ्टीचं बघतो. काम त्याच्या मानाने लहान आहे, पण रोज असतं. मुलीची बारावी होईपर्यंत आम्ही इथे. रोज फोन होतो. तो कारखान्यातलं काही सांगायला लागला की खरं आहे ना, हे माझ्या मनात येतंच. मी विचारत नाही. तो मात्र हल्ली न विचारता मशिनच्या आवाजात फोन धरून ठेवतो, मला ऐकू यावं म्हणून.