ताटातला मुरूम

सकाळपासून नातू उतारावरच्या रानात ट्रॅक्टरनं नांगरतोय. डिझेलचा वास घरात आला आणि माझं डोकं फिरलं. साठ-पासष्ट साली माझ्या नवऱ्यानं फलटणहून भाड्यानं ट्रॅक्टर आणला, तेव्हाही आमच्या माण तालुक्यातल्या घरात हाच वास भरला होता.

त्या रानात माती जेमतेम वीतभर. सासरे बैलांचा कुळव उताराला आडवा धरून ती वरवर हलवायचे. ट्रॅक्टरवाल्याला सारखं वळायचा कंटाळा, म्हणून त्यानं वरून खाली उभा, खोल नांगर घातला. तळाचा पांढरा मुरूम वर आला.

दुपारी नवरा ऐटीत जेवायला बसला. सासूबाईंनी ताटात मुरमाचं ढेकूळ ठेवलं.

"आये, हे काय?"

"तू काढलंस त्येच वाढलंय. खा."

"फलटणला असंच नांगरत्यात."

"तितं पुरुषभर काळी माती हाय. तुज्या बापानं ईतभर राखलेली, ती बी तू घालवलीस."

तो उपाशी उठला. मला सासूबाईंचाच राग आला. मी चोरून त्याला भाकरी नेऊन दिली. पहिल्याच वळवाच्या पावसात उभ्या तासांतून पाणी धावलं आणि रानाची माती ओढ्याला गेली. पुढं बांध घालून ती पुन्हा धरायला माझं आयुष्य गेलं. ती भाकरी दिल्याची मला माझीच चीड अजून येते.

आज नातवानंही नांगर उभाच घातलाय. अडवायला गेले तर म्हणाला, "आजी, तुला त्यातलं काय कळतंय?"

आत्ता हातपाय धुऊन तो ताटावर बसलाय. येताना मी पदरात ढेकूळ आणलंय.