दंडावरचा धागा

धुळ्याच्या दवाखान्यातले ते डॉक्टर मी एकदाच पाहिले, नाव विचारायचं राहूनच गेलं. सासूबाईंच्या दंडावर गळू पिकलेलं, त्यावरच देवीचा धागा करकचून बांधलेला, अन् अंगात ताप. कंपाउंडरनं कात्री उचलली तशा त्या घरी निघाल्याच. "धागाले हात नका लावू!"

डॉक्टरांनी कात्री ठेवायला लावली, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला अन् त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "आक्का, देवीला दुसरा दंड चालेल का? तुम्हीच विचारा. मी थांबतो."

अन् थांबले हो! देवीच्या उत्तराची वाट बघणारा डॉक्टर मी पुन्हा पाहिला नाही.

सासूबाईंनी डोळे मिटले, उघडले. "चाली म्हनस."

मी धागा सोडून दुसऱ्या दंडावर बांधला. सुजलेला हात त्यांनी आपणच पुढे केला. "आते काप ना भाऊ, बसी काय राहिना?"